घोडदळ अजून ओलं आहे

माझा थोरला भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतः मात्र जिन्याने जातो. का, असं विचारलं तर म्हणतो, "लिफ्टमध्ये नुसतं उभं राहावं लागतं." नुसतं उभं राहणं त्याला जमत नाही. नुसतं बसणंही नाही. जेवताना पाय हलत असतो, फोनवर बोलताना खोलीच्या फेऱ्या चालू असतात, आणि झोपेतसुद्धा हे पांघरुणाशी मारामारी करतात अशी वहिनीची तक्रार आहे. आई त्याला चुळबुळ्या म्हणायची. आई गेली, दादाचे केस पिकायला लागले, पण नाव काही सुटलं नाही.

अशा माणसाने करंगळीएवढे शिपाई रंगवायचा छंद लावून घ्यावा, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नसता. पण हे सगळं माझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीत झालं, माझ्याच टेबलावर, आणि त्या टेबलावरचे रंगाचे डाग मीच घासत आले आहे. त्यामुळे बोलायचा हक्क माझा आहे.

माझं फ्रेमचं दुकान आहे. लग्नाचे फोटो, पदव्यांचे कागद, गेलेल्या माणसांचे चेहरे, सगळं काचेआड घालून देते. मागच्या खोलीत माउंटबोर्ड, म्हणजे फोटोमागचा जाड पुठ्ठा, कापायचं मोठं टेबल आहे. एकदा मास्तर एका जुन्या लढाईचा नकाशा फ्रेम करून घ्यायला आले. मास्तर म्हणजे आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरी एकटे, आणि ऐकणारा सापडला की त्याला न सोडणारे. दादा त्या दिवशी माझं शटर नीट करायला आला होता. नकाशावरच्या लाल-निळ्या पट्ट्या बघून त्याने विचारलं, "हे कोण? आणि इथे थांबलेत कशाला?" झालं. मास्तर सांगायला लागले. शटर अर्धवटच राहिलं आणि पुढचा आठवडाभर मी कमरेत वाकून दुकानात शिरत होते.

पुढच्या रविवारी मास्तर मऊ कागदात गुंडाळलेले शिपाई घेऊन आले. मग रविवारची दुपार ठरूनच गेली. या खेळात चौकटी नसतात, सोंगट्या नसतात. टेबलावर जाड हिरवं कापड पसरायचं, त्याखाली बोर्डाचे तुकडे रचून टेकड्या करायच्या, काचेच्या उरलेल्या पट्ट्यांना खालून निळा रंग देऊन नदी करायची. पूर्वी खरोखर झालेली एखादी लढाई निवडायची, दोन्हीकडचं सैन्य तेव्हा जिथे उभं होतं तिथे मांडायचं, आणि मग आपण सेनापती व्हायचं. कोण किती सरकणार ते टेपने मोजायचं, कोण पडणार ते फासे ठरवणार. इतिहासात झालं तसंच पुन्हा होईल असं नाही, आणि मास्तरांना सगळी गोडी तिथेच होती. टेप माझ्याकडे असायची. दिवसभर काच कापणाऱ्या बाईकडून कोणाला अर्धा इंच उसना मिळत नाही.

चौथा भिडू समोरचा बेकरीवाला. दुपारी भट्टी थंड झाली की पिठाचे हात पुसत यायचा. तो शिपाई रंगवायचा ते पाव लावतात तसे, एका ट्रेमध्ये ओळीने. आधी सगळ्यांचे बूट, मग सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांचे चेहरे. त्याच्या सैन्यातला झाडून एकेक शिपाई तिरळा होता, पण सैन्य वेळेवर तयार असायचं.

मास्तरांचा नियम एकच होता. बिनरंगाचा शिपाई टेबलावर येणार नाही. बेकरीवाल्याने सुरुवातीला कुरकुर केली, "मास्तर, लांबून कोणाला कळतंय?" तेव्हा ते म्हणाले, "ज्याला आपण मरायला पाठवणार, त्याला निदान चेहरा तरी देऊ या." त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही. वहिनी मात्र या सगळ्याला बाहुल्या म्हणायची. दादा रंगवताना कुंचल्याचं टोक ओठांत धरून टोकदार करायचा, ते पाहिलं की ती म्हणायची, "अहो, घरचं जेवण नको होतं तर आधी सांगायचं."

आता मास्तरांची लढाई. फ्रेममधल्या नकाशातली तीच. फार मोठी नव्हे, शाळेच्या पुस्तकात एका ओळीत आटपते. एक सेनापती पुलाजवळच्या टेकडीवर पाय रोवून उभा राहिला, मदतीला येणारं घोडदळ उशिरा पोचलं, तोवर पूल गेला आणि लढाईही गेली. मास्तरांनी सगळी नोकरी मुलांना हेच शिकवलं होतं की घोडदळ वेळेवर आलं असतं तर ते जिंकले असते. आता त्यांना ते एकदा करून बघायचं होतं. सेनापती ते स्वतः, त्यांचं घोडदळ दादाचं, समोरून बेकरीवाला आणि मी. बाकी सगळं सैन्य केव्हाच रंगून कपाटात उभं होतं. अडलं होतं ते घोडदळापाशी.

दादाचं घोडदळ काही होईना. स्वार धातूचे होते, घोडे दुसऱ्या ठिकाणचे, प्लास्टिकचे. त्याने ते घासले, चिकटवले, बाटल्यांच्या बुचांवर उभे केले, इथपर्यंत ठीक. मग आला कोटाचा हिरवा. जुन्या वर्णनात म्हणे लिहिलंय, बाटलीसारखा हिरवा पण उन्हाने उतरलेला. तो उतरलेला हिरवा शोधण्यात तीन वर्षं गेली. ट्यूबलाइटखाली बरोबर दिसलेला रंग खिडकीशी चुकीचा दिसायचा. मग स्वार हातात घेऊन हा रस्त्यावर पळायचा, भर उन्हात बूच डोळ्यांसमोर धरून उभा राहायचा, येणारेजाणारे वळून बघायचे. आत येऊन म्हणायचा, "छे! शेवाळ वाटतंय." तेवढ्यात फोन वाजायचा, कुठल्यातरी इमारतीत कोणीतरी अडकलेलं असायचं, आणि हा कुंचला तसाच टाकून पिशवी उचलून पसार. संध्याकाळी परत येऊन बघायचा आणि सगळा रंग उतरवायचा. रंग उतरवायला साबणासारखं एक मवाळ पाणी मिळतं, त्यात बुडवून ठेवलं की एकदोन दिवसांनी रंग सुटतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

"कुठवर आलं रे घोडदळ?" मास्तर विचारायचे.

"झालंच. अजून ओलं आहे, मास्तर."

बेकरीवाला मला डोळा घालायचा. "खऱ्या लढाईत पण असंच झालं असणार बघा, ताई. रंग वाळला नसणार."

मला हसू यायचं आणि चीडही यायची. मी दादाला तोंडावर म्हटलं, "तू माणूस आहेस की पंखा?" तो म्हणाला, "एकदा हिरवा जमू दे, मग बघ." पण त्याचा हिरवा जमला की मास्तर त्याला शाबासकी देणार, आणि तरी त्याच संध्याकाळी त्याला तो चुकीचा वाटणार, हे आम्हाला पाठ झालं होतं. मास्तर कधी चिडले नाहीत. जग दादाला जन्मभर सांगत आलं आहे, एका जागी बस. आमचे वडील तर त्याची खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवायचे. मास्तरांनी त्याला एकदाही बस म्हटलं नाही. तो उठून फेऱ्या घालायला लागला की तेही उठायचे आणि त्याच्या बरोबरीने टेबलाभोवती फिरत पुढचं सांगायचे, गुडघे दुखत असतानासुद्धा. त्या दोघांची ती प्रदक्षिणा चालू असली की बेकरीवाला आणि मी आपल्या खुर्च्या भिंतीला लावून घ्यायचो.

आणि मग मास्तर न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण बराच वेळ तसेच पडून होते, शेजारणीला ऐकू गेलं म्हणून निभावलं. त्यांची लेक दूरच्या शहरात असते. ती आली, दोन दिवस राहिली, आणि तिने ठरवलं की बाबांना घेऊन जायचं. मास्तरांनीही फार आढेवेढे घेतले नाहीत. रविवारी येऊन म्हणाले, "महिनाअखेरीस निघतोय. तेवढी पुलाची लढाई होऊन जाऊ दे."

असं म्हणाले जणू पेपर बंद करायला सांगतायत. बेकरीवाला उठून पाणी प्यायला गेला. मी टेप गुंडाळत बसले. दादा म्हणाला, "होईल की. ओलं आहे फक्त," आणि जिना नसलेल्या दुकानात जिना उतरल्यासारखा धाडधाड बाहेर पडला.

पण मी खोटं कशाला बोलू, पुढच्या रविवारी त्याने घोडदळ पुरं करून आणलं. खोकं उघडलं आणि आम्ही सगळे त्यावर वाकलो. हिरवा कोट असा की वाटावं, माणूस कित्येक उन्हाळे रस्त्यावर आहे. घोड्यांच्या पोटाखाली चिखल उडालेला. प्रत्येक स्वाराचा चेहरा वेगळा, एकाने तर कंटाळून जांभई द्यावी असं तोंड केलेलं. मास्तरांनी भिंग लावून एकेक पाहिला. शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाले, "झालं रे." लढाई पुढच्याच रविवारी ठरली, म्हणजे ते निघायचे त्याच दिवशी. लेक तेव्हा दुपारी गाडी घेऊन येणार होती.

त्यानंतर आठवड्याच्या मध्यावर वहिनीचा फोन आला. "वन्सं, जरा येऊन जा. तुमच्या दादांनी घोडे विरघळवलेत."

मला वाटलं, चेष्टा करतेय. जाऊन पाहिलं तर स्वयंपाकघरात थिनरचा वास कोंडलेला, खिडक्या सताड उघड्या, आणि ओट्यावर वहिनीचा स्टीलचा डबा. डब्यात काळपट हिरवा लगदा होता. त्या लगद्यात कुठे एक कान, कुठे एक खूर. वर्तमानपत्रावर स्वार काढून ठेवले होते. धातूचे ते, त्यांना काय होतंय. स्वच्छ, चकचकीत, पाय फाकवलेले, तलवार वर धरलेली, आणि बुडाखाली काही नाही. मला त्या क्षणी हसू फुटलं आणि दादाचं तोंड बघून मी ते आवरलं.

तो स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात अशा फेऱ्या मारत होता. "हिरवा जास्त गडद झाला होता गं. मास्तर बोलले नाहीत, पण झाला होता. ते मवाळ पाणी संपलं होतं. कामावरचं थिनर होतं पिशवीत, लिफ्टच्या रुळांवरचं वंगण पुसायचं. म्हटलं, पटकन होईल."

"अरे, प्लास्टिक होतं ना ते!"

"माहीत आहे. मीच चिकटवलेत ते सगळे. माहीत होतं मला." आणि पुन्हा गॅलरीत.

वहिनी तोवर डब्याकडे पाठ करून भांडी पुसत होती. तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि वळली. "अहो, इकडे बघा. हिरवा नाही आणि गडद नाही. ते जायला नकोयत तुम्हाला. घोडदळ झालं की लढाई होणार, लढाई झाली की ते जाणार, हेच ना? मग तसं त्यांना सांगा. घोड्यांनी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

दादा दारात थांबला. "सांगून काय होणार? राहणार आहेत का ते?"

"नाही राहणार. पण घोडे तरी वाचले असते."

मला वहिनीचा फार हेवा वाटला. मी इतकी वर्षं त्याला पंखा म्हणत होते आणि ही बाहुल्या म्हणणारी बाई सगळं बघून बसली होती.

संध्याकाळी दादा आणि मी मास्तरांकडे गेलो. घर अर्धं बांधून झालं होतं. भिंतीवर फ्रेमच्या जागी फिकट चौकोन राहिले होते, पुस्तकांची खोकी दारापर्यंत आली होती, आणि मास्तर त्यांतल्याच एका खोक्यावर बसले होते. दादाने वर्तमानपत्र उलगडलं आणि काय झालं ते सांगितलं. वहिनीने सांग म्हटलेलं तेवढं सोडून बाकी सगळं सांगितलं. मास्तरांनी एक स्वार उचलला, पाय फाकवलेला, उलटासुलटा करून पाहिला, आणि हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. दादा मात्र खोक्यांमधल्या वाटेने येरझारा घालत होता.

"स्वार शाबूत आहेत ना?" मास्तर म्हणाले. "मग रडतोस काय?"

"घोड्याशिवाय घोडदळ कसलं, मास्तर?"

"तुझी बहीण बोर्ड कापते ना?" माझ्याकडे वळून ते म्हणाले, "जमेल का हो, बाई? चपटे झाले तरी चालतील."

मी दोन दिवस गिऱ्हाइकांच्या फ्रेमा बाजूला सारून घोडे कापले. जाड बोर्ड, दोन पदरी, पाठीला खाच, त्या खाचेत स्वार बसवायचा. बाजूने पाहिलं तर बऱ्यापैकी घोडा, समोरून पाहिलं तर पोस्टकार्डाची कड. शनिवारी दुपारी सगळे मागच्या खोलीत जमलो, मास्तरसुद्धा. आणि वहिनी. तिने हातात कुंचला धरला तेव्हा दादा बघतच राहिला. ती म्हणाली, "बघता काय, हिरवा द्या इकडे."

एका बैठकीत सगळं घोडदळ रंगवायचं म्हणजे वाटून घेणं आलं, आणि वाटून घेतलं म्हणजे प्रत्येकाचा हिरवा वेगळा. बेकरीवाल्याचा पालेभाजीसारखा. माझा करडा. मास्तरांचा थरथरत्या हाताने कुठे पातळ, कुठे दाट. वहिनीने आपल्या स्वारांच्या कोटांना न विचारता पिवळ्या कडा काढल्या. दादा आपले स्वार सोडून प्रत्येकाच्या खांद्यावरून डोकावत होता, ओठ चावत होता, दोनदा त्याचा हात पुढे आला आणि दोनदा वहिनीने तो कुंचल्याच्या दांडीने मागे सारला. शेवटी त्याला राहवेना. "मास्तर, एका पलटणीत पाच हिरवे?"

"खऱ्या पलटणीत पंधरा असायचे," मास्तर मान वर न करता म्हणाले. "कोणाचा कोट नवा, कोणाचा मेलेल्याचा, कोणाचा चार पावसाळे भिजलेला. एकच हिरवा मी आजवर फक्त चित्रात पाहिलाय."

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू रंगवत होतास ना," मास्तर म्हणाले.

रविवारी लढाई मांडली. मास्तर नवा शर्ट घालून आले होते, प्रवासाचा. टेकडीवर त्यांचं पायदळ, खाली काचेची नदी, पलीकडे बेकरीवाल्याचे तिरळे बंदूकवाले आणि माझ्या तोफा. दादाचं चपटं घोडदळ टेबलाच्या कडेला, छोट्या टेकडीमागे. मास्तरांनी ठरवून दिलं होतं की या खेपेला ते पहिल्यापासून हजर असेल, दादाला वाटेल तेव्हा बाहेर काढायचं.

माझी पाळी झाली, बेकरीवाल्याची झाली. मास्तरांचं पायदळ पुलाशी भिडलं. दादाची पाळी आली. "थांबतो," तो म्हणाला. पुढच्या फेरीत माझ्या तोफांनी टेकडीवरची एक अख्खी रांग उडवली. "थांबतो." बेकरीवाल्याने पूल अर्धा घेतला. दादा टेबलाभोवती फिरत होता, मोजत होता, वाकून घोड्यांच्या उंचीवर डोळे आणून बघत होता. "थांबतो." हा खेळ अर्ध्या तासात संपेल असं मास्तरांनी लेकीला सांगितलं होतं. ते मलाही तेव्हाच कळलं, कारण ती दारात येऊन उभी राहिली, हातात गाडीची किल्ली, आणि म्हणाली, "बाबा, झालं का? अर्धा तास म्हणाला होतात."

"होतंय," मास्तर म्हणाले. मग उठले. दादाजवळ गेले आणि त्याच्या बरोबरीने एक फेरी चालले, सावकाश, टेबलाची कड धरून. "सोड आता."

"सोडलं की संपलं, मास्तर."

"हो. सोड."

दादाने घोडदळ बाहेर काढलं. टेप मी धरली. बरोबर पोचत होतं, उसना इंच लागला नाही. फाशांची वाटी दादाने मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी टाकले, वाईट नव्हते. मग बेकरीवाल्याने टाकले आणि टेबलावर सहाच्या दानांची रांग लागली. तो कानकोंडा झाला. "मी मुद्दाम नाही हो टाकले," तो मास्तरांना म्हणाला, "धक्का लागला बहुतेक, परत टाकू का?" नियमाप्रमाणे स्वार एकेक करून आडवे झाले. पालेभाजीचे, करडे, पिवळ्या कडांचे. उरलेले माघारी फिरले आणि टेबलाच्या कडेवरून खाली उतरले. पूल गेला.

मास्तरांनी पुलावर वाकून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे उशिराचा दोष नव्हता. वेळेवर आले असते तरी हरलेच असते." कोणाला सांगत होते कोण जाणे. "किती पोरांना शिकवलं मी ते."

"बाबा," लेक म्हणाली, "वाटेत अंधार होईल."

"एका डावावरून काय कळतं?" मास्तर एकदम म्हणाले. "पुन्हा मांडा. घोडदळ या वेळी नदीकडून आणू. ए, उचल ते, मांड पुन्हा." त्यांनी स्वतःच आडवे स्वार उभे करायला सुरुवात केली. एक उभा करताना दोन पडत होते. शर्टाच्या बाहीला पलीकडची तोफ अडकली. इतके दिवस शांतपणे निघालो निघालो म्हणणारा माणूस टेबलाची कड सोडायला तयार नव्हता. लेक दारातून आत यायला धजेना. तिने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता हा टेकड्या रचायला घेणार. त्याला हेच तर हवं होतं.

दादाने खोकं पुढे ओढलं. मास्तरांच्या समोरचा स्वार उचलला, खोक्यात ठेवला. मग दुसरा. मग मास्तरांच्या बोटांत होता तो, हळूच सोडवून.

"मास्तर, झालं. निघा आता."

"तू मला घाई करतोस?" मास्तरांचा आवाज चढला. तो चढलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. "तू? मी तीन वर्षं थांबलो तुझ्यासाठी!"

"हो. गाडी उभी आहे."

"एक डाव मागतोय मी. एक."

"नाही," दादा म्हणाला आणि टेबलावरचं हिरवं कापड नदीसकट गोळा केलं.

मास्तर टेबलापासून मागे झाले. मग त्यांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली. बेकरीवाल्याच्या पाठीवर थाप मारली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, वहिनीला म्हणाले, "पिवळ्या कडा छान होत्या." दादाने आधाराला हात पुढे केला तो त्यांनी झटकून टाकला आणि लेकीचा हात धरून पायरी उतरले. गाडीत बसल्यावर सरळ समोर बघत राहिले. काच वर होती. गाडी वळणापर्यंत गेली तरी त्यांनी मान फिरवली नाही.

मला दादाचा असा राग आला होता की मी भर रस्त्यात ओरडले. "अरे, एक डाव! एक डाव मांडला असता तर काय बिघडलं असतं? असं पाठवतात का माणसाला?"

तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, गोळा केलेलं कापड अजून काखेत.

"रागावून गेले ते बरं झालं," तो म्हणाला. "रडले असते तर मी जाऊ दिलं नसतं."